रेती गोड होती

बोर्ली, १२ जानेवारी २०२५

भाऊजी,

कोंबड्या सोडून झाल्या होत्या. अंगणात सडा घातला, पिंप भरलं, तांदूळ निवडून सुपात ठेवले, केतनचा शाळेचा डबा बांधला. चहा गाळून ठेवला होता, पण मी घेतला नाही. तुमचे भाऊ ओसरीवर मोजपट्टी शोधत होते आणि ती त्यांच्याच खिशात होती. मी चूळ भरली, पदर खोचला आणि बडीशेपेचा दाणाही तोंडात न टाकता त्यांच्या मागे मोटारसायकलवर बसले. कामावर जाऊन खाडीच्या रेतीत मीठ उरलंय का ते चाखेपर्यंत माझ्या जिभेला दुसरं काही लागायचं नाही, हा आपल्या कंपनीचा नियम होता. अशा कितीतरी सकाळी झाल्या. मला एकच आठवत राहते.

तुम्ही म्हणाल, साडेआठ वर्षांनी वहिनीचं पत्र आलं आणि त्यात कोंबड्या.

तुमचा नंबर केतनकडे आहे. फोन मी करणार नाही. फोनवर माझ्या तोंडून भलतंच निघेल. हे चौथं पत्र आहे, आधीची तीन फाडली.

तुमचे भाऊ गेले त्याला मार्गशीर्षात दोन वर्षं झाली. तेराव्याला तुम्ही माणगावच्या एस.टी. स्टँडवर दिसलात, असं केतन म्हणाला. तो तुमच्याकडे येईपर्यंत तुम्ही परतीच्या गाडीत बसला होतात. मला राग आला नाही. तिथवर आलात हेच मोठं.

कंपनी चालू आहे. फलक तोच आहे, ‘कोंडाजी सन्स’. मामंजींनी आयुष्यात मिठागराच्या बांधापलीकडे काही बांधलं नव्हतं, तरी त्यांच्या नावाने आता एकेचाळीस घरं उभी आहेत. नावाखालची तुमची ओळ मात्र ह्यांनी रंग मारून झाकली होती: ‘नकाशा आमचा, बांधकाम आमचं, बोट दाखवायला तिसरा नाही.’ पावसापाण्याने रंग उडत चाललाय, ‘तिसरा नाही’ एवढं पुन्हा दिसायला लागलंय. नकाशे आता केतन बाहेरून करून घेतो. कॉम्प्युटरवर घर गोल फिरवून दाखवतात. गिऱ्हाइकाला आवडतं. तुम्ही जमिनीवर चुन्याच्या फक्कीने अख्खं घर आखायचात आणि घरच्या बाईला हातात रिकामी कळशी देऊन चालायला लावायचात. ‘चुलीपासून मोरीपर्यंत चालून दाखवा, ताई. भिंत आडवी येते का बघा.’ बायका आधी लाजायच्या, मग चुन्याच्या रेघेवर उभ्या राहून नवऱ्याशी भांडायच्या. तसं आता कोणी करत नाही.

तुळशी बरी आहे. आता काठीशिवाय चालते, पण पाय ओढते. चांगदेवने तिला कामावरून काढलं नाही. दिवेआगरच्या त्याच्या घरात पर्यटक उतरतात, ती त्यांचा स्वयंपाक बघते. आपण बांधलेली गॅलरी तिच्यासकट पडली, त्या जागी त्याने पत्रा घातलाय.

पत्राचं कारण असं. एका घराच्या छताचे पापुद्रे पडतात. जुनं घर आहे, पंधरा-सोळा वर्षांचं. त्यात माणसं राहतात. काय करावं ते तुम्हाला कळेल म्हणून विचारते. केतनला विचारलं तर तो सगळं घर पाडूनच बोलतो.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही.

सगुणा


बोर्ली, २ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, नुसते सहा प्रश्न. पण अक्षर तेच, छापल्यासारखं. मी चौथीत शाळा सोडली, मिठागरावर गेले. लग्नानंतर तुमच्या नकाशांवरच मी परत वाचायला शिकले. तुम्ही माझ्यासाठी म्हणून खोल्यांची नावं मराठीत लिहायचात, देवघर, न्हाणी, माजघर, आणि मी बोट ठेवून वाचायचे. आता मी वाचनालयातून दर आठवड्याला दोन पुस्तकं आणते. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

प्रश्नांची उत्तरं लिहिते.

घर भागोजीचं आहे. वरच्या आळीतलं, तुम्ही बघितलेलं. आपला भागोजी मिस्त्री.

मी परवा गेले. त्याची नजर अधू झालीय, पण आवाजावरून ओळखलं. “वयनी! आज वाट कशी चुकलात?” मी सांगितलं, सहज आले. मग तुमच्या कार्डाप्रमाणे केरसुणी उलटी धरून दांड्याने छत ठोकायला लागले.

“घूस चढली काय वर?” भागोजी म्हणाला.

“तुझ्या डोक्यात चढलीय. पापुद्रे पडतात आणि तू गप्प बसतोस?”

“ओल हाय ती. माझ्या हातचा स्लॅब हाय, वयनी. मालक स्वता उभं ऱ्हाऊन टाकून घेत होते. मी जाईन, पन ह्यो स्लॅब जायाचा न्हाय.”

त्याची सून दारात बाळाला घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, “मामा ऐकत न्हाईत, काकी. पाळना मी दोनदा सरकावला.”

तर उत्तरं. तडे सरळ रेषेत आहेत, एकमेकांपासून हातभर अंतरावर. तांबूस ओघळ आहेत, मधल्या खोलीत जास्त. दांडा मारला की दाराजवळ भरीव वाजतं, पाळण्याच्या वर पोकळ. स्लॅब २००९ सालचा, एप्रिल महिना. रेती आपली नेहमीचीच.

काय करावं ते कळवा. बाळ सात महिन्यांचं आहे.

सगुणा


बोर्ली, १६ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

‘नेहमीची म्हणजे कुठली? उरलेली असणार. कोणत्या स्लॅबची उरलेली?’

तुम्ही एवढंच लिहिलंत. मी कार्ड पिठाच्या डब्याखाली ठेवलं, दोन दिवस बाहेर काढलं नाही. मला ठाऊक होतं तुम्ही हेच विचाराल. स्लॅब झाला की उरलेली धुतलेली रेती मिस्त्रीची, हा रिवाज तुम्हीच पाडलात. ज्याने घर बांधलं त्याचंही घर व्हावं म्हणून. भागोजीचं घर त्या रिवाजावरच उभं राहिलं.

चांगदेवच्या स्लॅबची. त्याच ढिगाची. चांगदेवकडे गॅलरी आणि वरचा मजला झाला आणि उरलेली दोन ट्रॅक्टर रेती भागोजीकडे गेली. आठ दिवसांत त्याने आपला स्लॅब टाकला.

लिहिते ते शांतपणे वाचा. त्या दिवशी मला ताप होता. तोंडाला चव नव्हती. खाडीची रेती होती, मी चिमूट जिभेवर ठेवली, मला काही कळलं नाही आणि मी गोड आहे म्हणून सांगितलं. तापात माणसाची जीभ मरते, हे तुम्हालाही माहीत आहे. मी कोणाला बोलले नाही, कारण काम थांबलं असतं. ती माझी चूक. रेती खारी राहून आतली सळई गंजली असेल तर असेल.

ह्याचा अर्थ तुमच्या नकाशात काही चुकलं नव्हतं, असाही असू शकतो. त्या मुंबईच्या इंजिनियरने गॅलरीचा तुकडा फोडून सळईवरचं काँक्रीट मोजलं आणि पाऊण इंच आहे, समुद्राकाठी दुप्पट हवं होतं, म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. पण भाऊजी, तोच नकाशा, तेच पाऊण इंच, अशा आपण अकरा गॅलऱ्या बांधल्या. मी परवा बसून मोजल्या. बाकी दहा उभ्या आहेत.

भागोजीच्या छताचं काय ते लवकर लिहा. ही विनंती आहे.

सगुणा


बोर्ली, १ मार्च २०२५

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. पहिल्यांदा पूर्ण पत्र, वर ‘वहिनी’ लिहिलेलं. त्यातला एवढा भाग मला पाठ झालाय:

‘स्लॅबच्या दिवशी चांगदेवच्या आईने सगळ्या गँगला जेवण घातलं. वाढायला तुम्ही होतात. आमटीत मीठ कमी होतं. तुम्ही पळीतून चाखलीत, म्हणालात मीठ कमी आहे, आणि बरोबर तेवढंच घातलंत. मी तीनदा भात घेतला. वहिनी, ताप कुठे होता?’

ताप नव्हता.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली, परत येऊन बसले.

रेती खारी होती. मी ती जिभेवर ठेवली त्याच क्षणी कळलं. माझे वडील मीठ जिभेवर ठेवून कोणत्या वाफ्यातलं ते सांगायचे, मी त्यांची मुलगी. ती रेती एकदाच धुतली होती. पाण्याचा टँकर आला नव्हता, बोअरचं पाणी मचूळ झालं होतं. तीनदा धुवायची तिथे एकदा धुतली. मी थुंकले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, ‘गोड आहे.’

का म्हटलं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. त्याच्या आदल्या आठवड्यात श्रीवर्धनच्या डॉक्टरांच्या बंगल्यावर मी रेती नापास केली होती. आठवतं? गँगची तीस माणसं माणगावहून आली होती, मिक्सर आला होता. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमच्याकडे इंजिनियर नाही का? बाईच्या जिभेवर चालते कंपनी?” गँगचा मुकादम मोठ्याने हसला, मग सगळी हसली. ती परत गेली. रेती पुन्हा धुतली, माझंच बरोबर निघालं, पण ते ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. घरी येताना ह्यांनी वाटेत गाडी थांबवली आणि मागे न बघता म्हणाले, “जरा माणसं बघून बोलत जा.” एवढंच. ते कधी मला लागेल असं बोलत नसत, म्हणून ते जास्त लागलं.

चांगदेवकडे तीच गँग होती. मी रेतीला हात घातला तसा मुकादम म्हणाला, “चला, लागला निकाल! काकी, आज पास का नापास?” पुन्हा सगळी हसली. हे दूर उभे होते, ते हसले नाहीत, पण घड्याळ बघत होते. त्यांनी घड्याळ बघितलं नसतं तर, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी खारी म्हटलं असतं तर त्यांनी काम थांबवलंच असतं. चिडले असते, पण थांबवलं असतं. मी गोड म्हटल्यावर त्यांनी स्लॅब कधी अडवला नाही, आणि खारी म्हटल्यावर कधी टाकलाही नाही. मला कोणी हसू नये एवढंच त्या दिवशी हवं होतं. मला वाटलं, थोडी खारी आहे, तेवढ्याने काय होतंय.

सात वर्षांनी तुळशी गॅलरीत चादरी वाळत घालायला गेली.

चांगदेवच्या अंगणात सगळे जमले होते तो दिवस मी लिहिणार नव्हते, पण आता काय ठेवायचं. त्या इंजिनियरने सळई दाखवली, पाऊण इंच म्हणाला. ह्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कोणाशी वाद घातला नाहीत. फक्त माझ्याकडे वळून विचारलंत, “वहिनी, रेती चाखली होतीत ना?”

मी म्हटलं, “चाखली होती. गोड होती.”

“मग पाऊण इंचच नडलं,” तुम्ही म्हणालात आणि मान खाली घातलीत. दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. एकदा जरी विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. तेही खोटं असेल. तिसऱ्या दिवशी तुम्ही घर सोडलंत आणि फलकावरची ओळ ह्यांनी झाकली.

ह्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजारपणात एकदा म्हणाले, “गणाचा हात कधी चुकला नव्हता. एकदाच चुकला, आणि तोही असा.” मी त्यांच्या पायाला तेल चोळत होते. चोळत राहिले.

भागोजीकडे तुम्ही सांगितल्याप्रमाणे मधल्या खोलीत लोखंडी टेकू उभे करून घेतले. केतनने माणसं पाठवली. घर लगेच रिकामं करा असंही तुम्ही लिहिलंय, पण भागोजी हलत नाही. मी त्याला सांगितलं, ‘केतनला दुरुस्ती करायची आहे, महिनाभर आमच्याकडे राहायला या.’ तो म्हणाला, “दुरुस्ती कशाची? टेकू लावलेत त्येच लाज हाय मला. मिस्त्रीच्या घरात टेकू! आळीतले इचारतात, कुनी टाकलेला सिलॅप?” माणसं त्या टेकूंच्या मधे अंथरूण घालून झोपतात. पाळणा आता स्वयंपाकघरात आहे.

म्हणजे मी अजूनही खरं कारण सांगितलेलं नाही. हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सगुणा


बोर्ली, १८ मार्च २०२५

भाऊजी,

तुमचं पत्र पंधराला मिळालं. तुम्ही मला काही बोलला नाहीत. मी दोनदा वाचलं, कुठेतरी बोललात का म्हणून. एक वाक्य स्वतःविषयी लिहिलंत: ‘पाऊण इंच कमीच होतं, तेवढं माझं.’ आणि खाली: ‘टेकू छत धरून ठेवतील, किती दिवस ते सांगता येत नाही. भागोजी दुरुस्तीसाठी घर सोडणार नाही. त्याला वाटतं त्याचा हात चुकला असं लोक म्हणतील. रेती खारी होती आणि ते तुम्हाला ठाऊक होतं, हे ऐकलं तरच तो उठेल. ते मी सांगून चालणार नाही, केतननेही नाही.’

त्याच संध्याकाळी मी केतनला सगळं सांगितलं. तो जेवत होता. हात तसाच ताटात ठेवून म्हणाला, “आई, काकांना तू हे लेखी दिलंयस?”

“दिलंय.”

“कमाल करतेस. एकेचाळीस घरं आहेत आपली. उद्या जो तो हातोडी घेऊन दारात उभा राहील.”

“एका ढिगाचा प्रश्न आहे. दोनच घरं.”

“ते तू सांगणार आणि लोक मानणार? गोड म्हणालीस तेही मानलंच होतं ना.”

त्याला हे बोलल्यावर वाईट वाटलं, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. घेऊही नये. थोड्या वेळाने म्हणाला, “भागोजीकाकांचं घर कंपनी बांधून देईल. सगळं नवीन. पण बाहेर बोलू नकोस. दिवेआगरला तर मुळीच नको.”

मी त्याचं ताट उचललं.

सोळाला सकाळी भागोजीकडे गेले. तो ओट्यावर बसून विळी घासत होता. मी आत न जाता तिथेच सांगून टाकलं. आडवळण घेतलं नाही, तापही सांगितला नाही. रेती एकदाच धुतली होती, खारी होती, मला कळलं होतं, मी गोड म्हटलं, त्यातलीच तुझ्या डोक्यावर आहे.

त्याने विळी खाली ठेवली. तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं.

“चांगदेवची रेती?”

“तीच.”

“गोड म्हनालात तुमी. मी हुतो तिथं.”

“होतास.”

“मालकांना ठाव हुतं?”

“नाही.”

तो उठून आत गेला, हातोडी घेतली आणि हाताने चाचपत टेकूंच्या मधे स्टूल ओढून त्यावर उभा राहिला. मी म्हटलं, “भागोजी, नको.” त्याने जिथे पाळणा असायचा तिथे वर एकच ठोका मारला. परातीएवढा तुकडा खाली आला. आतली सळई उघडी पडली. त्याने हात वर करून ती बोटांनी चोळली. पापडाचा पापुद्रा सुटावा तसा गंज त्याच्या हातात आला.

“प्राप्ती,” त्याने सुनेला हाक मारली. “पोराला घे अन् भायेर हो. अंथरुनं काढ समदी.”

मग तो ओट्यावर येऊन बसला. हात धोतराला पुसत होता, धोतर लाल होत होतं.

“सोळा वरसं,” तो म्हणाला. “सोळा वरसं मी ह्याच्याखाली निजलो. नातू निजला.”

मी त्याच्या पायाजवळची विळी उचलून बाजूला ठेवली.

“अन् गनाशेट? वयनी, त्या मानसाला मी लई शिव्या घातल्या. तुळशीच्या म्होरं घातल्या. नकाशावाला पळाला, गरिबाच्या पोरीचा पाय घेऊन पळाला, आसं बोललो मी. चारचौघांत बोललो.”

“तू खोट्यावरून बोललास.”

“ते माझं मी बघन.” तो उठला. “घर कंपनी बांधून देनार आसंल तर मी बघीन किती रेती, कुठली रेती, किती पान्यात धुतली. तुमी न्हाय.”

“बरं.”

“मालकांचा फोटू हाय तिकडं,” त्याने आत हात केला. “त्येंच्यासमोर एवढी वरसं कशी बसत हुता तुमी?”

मग तोच म्हणाला, “तुळशीला कोन सांगनार? मी तिच्याम्होरं पुन्ना तोंड उघडनार न्हाय.”

दुपारपर्यंत त्यांचं सामान आमच्या गाळ्यावरच्या खोलीत आलं. केतनने टेंपो पाठवला, स्वतः आला नाही. सून जाता-येता माझ्याशी बोलली नाही. बाळाला मात्र कोणी काही सांगितलेलं नाही, ते माझ्याकडे हात करत होतं. मी त्याला घेतलं नाही.

संध्याकाळी केतन आला आणि दारातूनच विचारलं, “उद्या कुठे जाणार नाहीस ना?” मी म्हटलं, “सकाळच्या गाडीने दिवेआगरला जाणार आहे.” तो चप्पल न काढता परत वळला.

काल, सतरा मार्चला, मी सकाळच्या एस.टी.ने दिवेआगरला गेले. तुळशी चांगदेवच्या मागच्या पडवीत पाय लांब करून वाल सोलत होती. “काकी, बसा,” म्हणाली. मी उभं राहूनच सांगितलं की गॅलरी तुमच्या नकाशाने पडली नाही, रेती खारी होती, मला ते स्लॅबच्या आधी कळलं होतं आणि मी गोड म्हणाले. तिने हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला आणि विचारलं, “त्या दिवशी तुमी खरं बोलला असता तर मी पडले नसते?” मी म्हटलं, “नसतीस.” मग पुढच्या अंगणात जाऊन चांगदेवला आणि त्याच्या आईला तेच सांगितलं, आणि दुपारच्या गाडीने घरी आले.

सगुणा